प्राथमिक शिक्षकाची शाळा

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. तत्पूर्वीच अनेक भारतीय अभियंते सोव्हिएत रशियात जाऊन तेथील चालू भट्ट्यांवर काम शिकून आले होते. वितळलेल्या लोखंडाचा रंग पाहून त्याची अवस्था ओळखणे पुस्तकातून येत नाही, जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहूनच ते येते, हे या गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. विदर्भातून येऊन येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत, मग ती जुन्या सेक्टरांत राहणारी असोत की स्मृतिनगरसारख्या वसाहतीत, ‘शिकाऊ’ हा शब्द अगदी घरातला आहे. त्याच घरातील एखादी मुलगी प्राथमिक शिक्षिका व्हावयाचे ठरवते तेव्हा मात्र तिचे शिकणे नेमके कोठे व्हावे, कोणाच्या शेजारी उभे राहून व्हावे, याची घरात फारशी चर्चा होत नाही. प्रवेश मिळाला, दोन वर्षे सरली, पदविका हाती आली की झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते.

ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे, कारण छत्तीसगडात या प्रश्नाने नुकतेच फार कठोर रूप धारण केले. २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेने बी.एड. झालेल्या उमेदवारांनाही पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी पात्र ठरविले होते; नेमणुकीनंतर दोन वर्षांच्या आत सहा महिन्यांचा एक पूरक अभ्यासक्रम त्यांनी पुरा करावा, एवढीच अट होती. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पात्रता अमान्य केली. बी.एड. हे वरच्या वर्गांना शिकविण्याचे शिक्षण आहे, लहान मुलांना शिकविण्याची विद्या त्यात दिली जात नाही, आणि ज्या बालकाला घटनेने शिक्षणाचा हक्क दिला त्याला त्याच्या वयाला योग्य असाच शिक्षक मिळाला पाहिजे, असा त्या निकालाचा मथितार्थ. छत्तीसगडात त्यानंतरही अशा उमेदवारांच्या नेमणुका झाल्या. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या रद्द ठरविल्या, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला, आणि वर्षअखेरीस अडीच हजारांहून अधिक सहायक शिक्षकांना घरी जावे लागले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांपैकी २,६२१ जणांना प्रयोगशाळेच्या सहायक शिक्षकपदांवर सामावून घेण्याचे ठरविले. परीक्षा उत्तीर्ण होऊन, घर सोडून दूरच्या पाड्यांवर रुजू झालेल्या या तरुणांविषयी सहानुभूती वाटल्यावाचून राहत नाही. तथापि न्यायालयाने ज्या फरकावर बोट ठेवले तो खरा आहे, आणि तो समजण्यास पहिलीच्या वर्गात जाऊन बसणे हाच उत्तम मार्ग होय.

एकच उदाहरण घेऊ. पुस्तकात पिसारा फुलविलेल्या पक्ष्याचे चित्र असते व खाली लिहिलेले असते ‘मोर’. दुर्ग जिल्ह्यातील खेड्यातून आलेल्या मुलाच्या घरी छत्तीसगडी बोलली जाते. त्याच्या बोलीत ‘मोर’ म्हणजे ‘माझे’, आणि त्या पक्ष्याला तो ‘मंजूर’ म्हणतो. नवखी शिक्षिका चित्रावर छडी ठेवून विचारते, मूल आपल्या परीने बरोबर उत्तर देते, आणि तिला वाटते की ते चुकले. जुनी शिक्षिका येथे क्षणभर थांबते. ती ‘मंजूर’ हा शब्द फळ्यावर लिहिते, त्याच्या शेजारी ‘मोर’ लिहिते, आणि मुलाला हसूही येते व अक्षरही कळते. हे थांबणे कोणत्या पाठ्यग्रंथात कोणत्या प्रकरणात सापडेल? भाषाध्यापनाच्या ग्रंथात मातृभाषेचे महत्त्व सांगितलेले असते, आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु मुलाचे तोंड उघडण्यापूर्वी त्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखण्याची दृष्टी, त्या ओळखीचा रोजचा व्यवहार पाहिल्याखेरीज येत नाही.

आपल्याकडील अध्यापक विद्यालयांनी हे जाणले नव्हते असे नाही. प्रत्येक विद्यालयाला सरावासाठी शाळा असे आणि छात्राध्यापकाला ठरावीक सरावपाठ द्यावे लागत. पण सरावपाठाचे हळूहळू एक नाट्य झाले. पाठाचे टाचण सुवाच्य अक्षरात, चारही समासांत रंगीत रेघा; घरून करून आणलेले तक्ते; मागच्या बाकावर वही घेऊन बसलेले निरीक्षक; आणि पस्तीस मिनिटांत प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, उपयोजन अशा सर्व पायऱ्या चढून गेलेला धडा. मुलेही तरबेज होतात. पाहुणा आला की हात वर करावयाचा, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. या साऱ्यात एक गोष्ट मात्र घडत नाही: काल जो शिकविला तो धडा आज मुलांच्या डोक्यात उरला आहे काय, हे पाहावयास तो छात्राध्यापक दुसऱ्या दिवशी त्या वर्गात नसतो. उसन्या वर्गात उसना तास, एवढेच त्या पाठाचे स्वरूप उरते.

यास्तव २०१४ च्या नियमांनी प्राथमिक शिक्षण पदविकेत शाळेतील वास्तव्याला किमान वीस आठवडे दिले. त्यांतील चार पहिल्या वर्षी, मुख्यतः वर्ग पाहण्यासाठी, व सोळा दुसऱ्या वर्षी. याला आता आंतरवासिता म्हणतात. शब्द वैद्यकातून आला, आणि तो योग्यच आहे. सोळा आठवडे एका शाळेत राहिल्यावर सोंग टिकत नाही. हजेरीपट भरणे, दुपारच्या भोजनाची रांग, न आलेल्या मुलाच्या घरी विचारपूस, एकाच खोलीत बसलेले दोन इयत्तांचे वर्ग, पाऊस आला की गळणारा कोपरा, हे सर्व शिक्षकाच्या कामाचे अंग आहे हे तेथे कळते. क्रमही असा असावा लागतो की प्रथम केवळ पाहणे, मग एका मागे पडलेल्या मुलाला घेऊन बसणे, मग चार-सहा मुलांचा गट, मग एक तास आणि शेवटी सबंध दिवस. पहिल्याच दिवशी चाळीस मुले सोपविणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला शिवनाथेच्या पुरात उतरविणे होय.

कल्पना नवी नाही. उलट, तिचे एक मूळ आपल्याच देशात आहे. १७८९ च्या सुमारास मद्रासच्या अनाथालयाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेत मुले वाळूवर अक्षरे गिरवून एकमेकांना शिकविताना पाहिली आणि तीच रीत आपल्या संस्थेत उचलली. इंग्लंडात ती ‘मद्रास पद्धती’ म्हणून गाजली. थोरल्या मुलाने धाकट्यांना शिकवावे या तिच्या सोयीचा भाग तेथे फार वापरला गेला व विद्या उथळ झाली. तेव्हा १८४६ मध्ये तेथील सरकारने शिकाऊ शिक्षकांची योजना काढली. तेरा वर्षे पुरी झालेला मुलगा वा मुलगी पाच वर्षे एका मुख्याध्यापकाच्या हाताखाली राही. या योजनेतील मला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा भाग असा की, मुख्याध्यापकाने त्या शिकाऊला रोज दीड तास स्वतः शिकविले पाहिजे, असे बंधन होते, आणि त्याबद्दल त्याला दर शिकाऊमागे वेगळा मेहनताना मिळे. १८६२ च्या नव्या नियमांनी सरकारने तो थेट मेहनताना बंद केला. शिकाऊ राहिले, शिकविणारे मात्र सैलावले.

मुंबई इलाख्यात मराठी शाळांचा आरंभही असाच शिक्षक घडवून झाला. कॅप्टन जॉर्ज जर्विस यांच्या देखरेखीखाली मुंबईस तयार झालेले २४ मराठी व गुजराती शिक्षक १८२६ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत शाळा काढण्यास पाठविण्यात आले. १८४५ मध्ये शिक्षक तयार करण्याच्या वर्गाचे प्रमुखत्व बाळशास्त्री जांभेकरांकडे आले. पुढच्याच वर्षी ते वारले, हे आपले दुर्दैव. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षकाच्या प्रश्नाला निराळेच तोंड फोडले. शाळांतील बहुसंख्य शिक्षक अप्रशिक्षित व दहा रुपयांच्या आतबाहेर वेतन मिळविणारे आहेत, असे दाखवून त्यांनी शिक्षक प्रशिक्षित असावेत, किमान बारा रुपये वेतनाचे असावेत, आणि प्रसंगी नांगर वा वाकस हाती धरू शकतील अशा कष्टकरी वर्गांतून यावेत, असे मागितले. प्रशिक्षण, वेतन आणि मुलांच्या जीवनाशी शिक्षकाचे नाते, या तिन्ही गोष्टी त्यांनी एकाच श्वासात सांगितल्या.

दुर्गचा परिसर त्या काळी मध्य प्रांतात होता, आणि पुढेही १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूरच होती. म्हणून १९३७-३८ मध्ये वर्ध्यास जे घडले ते या भागाच्याही इतिहासात मोडते. झाकिर हुसेन समितीने नव्या शिक्षणाची योजना आखताना शिक्षकाच्या तयारीसाठी तीन वर्षांचा पूर्ण व एक वर्षाचा लघु असे दोन अभ्यासक्रम सुचविले. रविशंकर शुक्लांच्या विद्यामंदिर योजनेसाठी वर्ध्यास प्रशिक्षणशाळा निघाली. १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळे गेली आणि प्रांतातील तो प्रयोग मंदावला.

सरकारी आधार आला-गेला तरी टिकलेला प्रयोग पाहावयाचा तर आजच्या पालघर जिल्ह्यात जावे लागते. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ च्या डिसेंबरात बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली, आणि विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एका छपराखाली आणली. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, बालसेविकांचे प्रशिक्षण या शाळांच्या अंगणातच चाले. खडे, शिंपले, पाने, बिया हे गणिताचे साहित्य ज्या टेकडीवर गोळा करावयाचे, त्याच टेकडीवरील मुलांपुढे ते मांडावयाचे. शिकविणारी अनुताई आणि शिकणारी नवखी मुलगी, दोघींच्या डोळ्यांपुढे तेच मूल असे. त्यामुळे ‘या मुलाला हे का जमले नाही’ हा प्रश्न तेथे पुस्तकी राहिलाच नाही. कोसबादचे काम मुख्यतः पूर्वप्राथमिक होते हे खरे. पण पहिलीच्या शिक्षकाला त्यातून घेता येणार नाही असे त्यात काहीच नाही.

आता याच कल्पनेचा विपर्यास कसा होतो तेही पाहू. मध्य प्रदेशात, आणि २००० नंतर छत्तीसगडात, शिक्षाकर्मी म्हणून हजारो तरुण अल्प मानधनावर वर्गात उभे केले गेले. १ जुलै २०१८ पासून त्यांना शिक्षण विभागात सामावून घेण्यास प्रारंभ झाला. देशभरच अप्रशिक्षित शिक्षकांची संख्या इतकी होती की, ३१ मार्च २०१९ पर्यंतची मुदत कायद्याने वाढवून १३ लाखांहून अधिक जणांची राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन शिक्षण संस्थेच्या दूरस्थ पदविकेसाठी नोंद करावी लागली. ही माणसे रोज शाळेतच होती. म्हणावयास हेही शाळेत राहून शिकणेच झाले. पण त्यांच्या शेजारी कोणी नव्हते. दहा वर्षे एकट्याने शिकविलेल्या माणसाला दहा वर्षांचा अनुभव असतो, की एकाच वर्षाचा अनुभव दहा वेळा असतो, हे त्याच्या वर्गात डोकावणारे कोणी असल्याशिवाय सांगता येत नाही. त्यांतील कित्येकांनी स्वतःच्या चिकाटीने उत्तम शाळा उभ्या केल्या. त्याचे श्रेय त्यांचे, योजनेचे नव्हे.

इंग्लंडात १९९० नंतर शाळांच्या समूहांनाच शिक्षक घडविण्याची परवानगी मिळाली आणि महाविद्यालयांकडे गेलेले काम अंशतः पुन्हा शाळेकडे आले. तेथेही वाद आहेत. शाळा आपल्याच सवयी नव्या शिक्षकाला लावते, बालमानसशास्त्राचा पाया कच्चा राहतो, असे आक्षेपक म्हणतात, आणि तो आक्षेप बिनतोड आहे. वाईट शाळेत वीस आठवडे राहिल्याने वाईट सवयी वीस आठवडे पक्क्या होतात. म्हणून महाविद्यालय नको, शाळा हवी, असा हा वाद नाही. शाळा कोणती आणि तेथे हात धरणारे कोण, हे प्रवेश घेतानाच विचारावयास हवे. आंतरवासितेत एका मार्गदर्शकाकडे किती छात्राध्यापक असतात? मार्गदर्शक त्यांच्या वर्गात बसतो, की केवळ वहीवर सही करतो? रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या जागी बिनपगारी बदली म्हणून तर त्यांना उभे करीत नाहीत ना?

२०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम ही किमान अर्हता व्हावयाची आहे. दुर्ग जिल्ह्याची प्रशिक्षण संस्था अछोटी येथे आहे. आसपासच्या प्राथमिक शाळांत दोन-तीन शिक्षकांवर पाच इयत्ता चालणे हे काही अपूर्व दृश्य नव्हे. अशा शाळेतील अनुभवी शिक्षिकेकडे आपण छात्राध्यापक पाठवितो, तेव्हा तिच्या हातात आधीच दोन वर्ग, भोजनाची नोंदवही व जनगणनेसारखी कामे असतात. १८४६ च्या योजनेत मुख्याध्यापकासाठी राखून ठेवलेला तो दीड तास तिच्या वेळापत्रकात सहसा नसतो. तिने सायंकाळी, मुले गेल्यावर, आपल्या बसच्या वेळेकडे पाहत पाहत काय ते सांगावयाचे असते.