तिघांतला रुसलेला कोण?
कार्बोरेटरची जुनी मारुती ८००: ७९६ सीसी, सिलिंडर तीनच. त्यातला एक रुसला की गाडी उभ्या जागी थडथडते. मेकॅनिकच्या भाषेत ‘मिसिंग मारते’. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, टोक अर्थ करा, गाडी सुरू करून ऐका. असं तिन्हींचं करा. ज्या वायरीने आवाजात फरकच पडत नाही, तो सिलिंडर आळशी. तिथला प्लग शेजारच्याशी बदला. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लगच खराब. नाही तर वायर आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप बघा; पावसाळ्यात कॅपची बारीक चीर ओल धरते. अंधारात बॉनेट उघडलं तर निसटणारी ठिणगी चक्क दिसते! एकच सिलिंडर मरत असेल तर कार्बोरेटर बहुधा निर्दोष असतो, त्याला उगाच हात लावू नका. तरीही मिसिंग राहिलं, तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. व्हॉल्व्ह जळालेला असू शकतो.