लाकडी जहाज : हातांची आणि डोक्याची शाळा

घरातले एखादे मूल लाकडाच्या चिपा, दोरा आणि गोंद घेऊन तासभर बसले, की वडीलधारी मंडळी चटकन म्हणतात, ‘अभ्यास सोडून हा काय उद्योग?’ वाचक बंधू-भगिनींनो, शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती बनविण्याचा छंद हा रिकामटेकड्यांचा उद्योग नव्हे. त्यात गणित आहे, इतिहास आहे आणि हाताला लागणारे वळण आहे. शिवाय हा छंद केवळ श्रीमंतांचा आहे, हा समजही खरा नाही.

मुंबईत बांधलेले जहाज

जगभरचे छंदिष्ट ज्या जहाजांच्या प्रतिकृती करतात, त्यांतले एक आपल्या मुंबईचे आहे. त्याचे नाव ‘त्रिंकोमाली’. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत ते बांधले गेले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. युद्धांमुळे इंग्लंडमध्ये ओक लाकडाची टंचाई झाली होती, म्हणून मलबारचा साग वापरण्यात आला. या जहाजाचे नकाशे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज १८१२ साली अमेरिकेशी झालेल्या लढाईत गेले. नकाशे पुन्हा पाठवावे लागले. आधी नकाशा, मग करवत, हा धडा तिथेच मिळतो.

ते सागवानी जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. १९८७ साली ते तेथे नेले आणि २००१ पर्यंत त्याची दुरुस्ती चालली. लोक वाडियांचे नाव घेतात, ते योग्यच आहे. पण फळ्या रंधणारे सुतार, खिळे घडविणारे लोहार, दोर ओढणारे खलाशी यांच्या हातांवाचून ते उभे राहिले नसते. प्रतिकृती करताना त्या प्रत्येकाचे काम आपल्याला एकेकदा करावे लागते. मग श्रमाची किंमत सांगावी लागत नाही, ती कळते.

हाडांची जहाजे

१७९३ ते १८१५ या काळातील युद्धांत हजारो फ्रेंच सैनिक व खलाशी इंग्लंडमध्ये कैदेत पडले. पीटरबरोजवळच्या नॉर्मन क्रॉस येथील छावणीत साधने तुटपुंजी होती. कैद्यांनी जेवणातील मांसाची हाडे साफ करून, घासून त्यांच्या फळ्या केल्या. त्यांतून बारीकसारीक तोफांसह जहाजे उभी केली आणि छावणीच्या दाराशी भरणाऱ्या बाजारात विकून चार पैसे मिळविले. ती जहाजे आज पीटरबरोच्या संग्रहालयात मानाने ठेवलेली आहेत. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते, त्यांनी ती केली हे आपण ध्यानात ठेवावे.

कशी बनवावी?

पहिल्याच खेपेस तीन डोलकाठ्यांचे जहाज घेऊ नये. एका डोलकाठीचा मचवा घ्यावा. प्रथम प्रमाण ठरवावे. एका फुटाला १/८ इंच धरले, तर ‘त्रिंकोमाली’चा सुमारे १५० फुटांचा तोफांचा मजला पावणेएकोणीस इंचांत बसतो आणि साडेपाच फुटी खलाशी पाऊण इंचाहूनही लहान होतो. पाचवी-सहावीच्या मुलाला गुणोत्तर शिकवायला याहून चांगले उदाहरण कोणते?

तळाचा कणा प्लायवूडचा कापावा. त्याला खाचा पाडून आडव्या फासळ्या बसवाव्यात. त्यांवर बारीक पट्ट्या चिकटवाव्यात. पट्टी पाण्यात भिजवली की ती वाकते. एक पट्टी डावीकडे लावली की दुसरी उजवीकडे लावावी, नाहीतर कणा पिळतो. पट्टी दाबून धरायला कपड्यांचे चिमटे पुरतात. सागाचे रेषे मोठे असतात, म्हणून बारीक कामाला तो तितका शोभत नाही. ज्या हळदूच्या लाकडाचे गिरणीतले बॉबिन होत, ते एकसारख्या पोताचे लाकूड अधिक बरे. डोलकाठीला बांबूची कामटी चालते. करवतीचे पाते, कानस, पॉलिश पेपर, सुई आणि फेविकॉल एवढे सामान पुरते. पाते चालवताना मात्र मोठ्या माणसाने शेजारी बसावे.

दोऱ्यांचे काम

खरी परीक्षा दोरखंडांची. डोलकाठीला धरून ठेवणारे दोर कायम एका जागी असतात. त्यांना डांबर लावीत, म्हणून ते काळे दाखवावेत. शिडे वरखाली करणारे दोर फिरते असतात, ते फिक्या तपकिरी रंगाचे घ्यावेत. आधी कायमचे दोर बांधावेत, नंतर फिरते. एका बाजूचा दोर फार ताणला तर डोलकाठी कलते, म्हणून येथेही डावे-उजवे आळीपाळीने चालावे.

चपला शिवणारा कारागीर दोऱ्याला मेण लावतो, तसे येथेही लावावे. दोऱ्याची लव बसते आणि गाठ घट्ट राहते. खलाशांच्या शिडीच्या पायऱ्या बांधताना मागे रेघा आखलेला पुठ्ठा धरावा, म्हणजे अंतर सारखे येते. अशा शेकडो गाठी येतात. रोज वीस बांधल्या तरी पुष्कळ झाल्या.

माता-पित्यांना विनंती एवढीच, की रविवारचा एखादा तास या कामाला द्यावा. मुलगा आणि मुलगी दोघांनाही बसवावे. सुई तिची आणि करवत त्याची, अशी वाटणी करू नये. बिघडलेली पट्टी सोडवून पुन्हा लावू द्यावी. जहाज पुरे व्हायला वर्ष लागेल. पण हाती घेतलेले काम तडीस नेणारे मूल त्या वर्षात आपल्या घरात तयार झालेले असेल.