झाडू आखूड, दुखणे लांब!

धान आणि राईस मिल ही गोंदिया जिल्ह्याची ओळख. मिल चालली की भुसा, कोंडा आणि धूळ आलीच. गोदाम असो, किराणा दुकान असो की कारागिराचा कारखाना, झाडलोट करणारी बाई किंवा गडी लागतोच. या कामगारांची कंबर, खांदे आणि गुडघे का दुखतात, याकडे आम्ही व्यापारी बंधूंचे लक्ष वेधू इच्छितो.

हे दुखणे केवळ वयाचे नाही. आखूड फडा हाती असला की माणूस कमरेतून वाकतो. त्या वेळी डोके, हात आणि धड यांचा भार पाठीचे स्नायू तोलून धरतात. तासन्‌तास असेच वाकून राहिल्यास स्नायू आखडतात, मणक्यांवर ताण पडतो. उकिडवे बसून फरशी पुसल्याने गुडघे धरतात, तर पोछा पिळून पिळून मनगट दुखते. १५ लिटरच्या भरलेल्या बादलीत नुसते पाणीच १५ किलो असते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात शेतमजुरांना आखूड दांड्याचे खुरपे घेऊन दिवसभर वाकून राबावे लागे. लांब दांड्याने काम नीट होणार नाही, असे मळेवाले म्हणत. डॉक्टरांनी पाठीच्या दुखापतींची साक्ष दिली आणि १९७५ साली त्या खुरप्यावर बंदी आली. शेती काही थांबली नाही.

आपल्याकडे तर कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. झाडूला छातीपर्यंत येईल असा बांबू बांधावा. पोछाही दांड्याचा घ्यावा. एका भरलेल्या बादलीऐवजी दोन अर्ध्या बादल्या दोन हातांत द्याव्यात. भुसा घमेल्याने वाहण्यापेक्षा हातगाडी बरी. झाडणे, पुसणे, भरणे ही कामे आलटून पालटून द्यावीत आणि मधे थोडी उसंत द्यावी.

दुखण्यावर रोज मनाने गोळी घेणे घातक आहे. त्याने पोट आणि मूत्रपिंड बिघडू शकते. दुखणे काही आठवडे हटले नाही किंवा पायाला मुंग्या, बधिरपणा आला, तर गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे. लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र त्याच दिवशी न्यावे.

रोजंदारीच्या माणसाचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची रोजी बुडाली. मालकाचेही काम अडते. त्यापुढे एका बांबूचा खर्च तो किती? मालकांनी आपल्या दुकानातील झाडूचा दांडा आजच पाहावा, एवढीच आमची विनंती.