भूक लागत होती, भीती मोठी होती

काही वर्षांपूर्वी माझ्या वसईतील दवाखान्यात दहावीतली एक मुलगी आली. सहा महिन्यांत अकरा किलो वजन उतरलेले, पाळी थांबलेली, हातपाय गार. नवरात्राच्या उपासापासून जेवण तुटले ते तुटलेच, असे आई म्हणाली. मी रक्त तपासले, छातीचा फोटो काढला, जंताचे औषध आणि टॉनिक दिले. आईला बजावले, "मागे लागू नका, भूक लागली की खाईल." दोन महिन्यांनी ती चक्कर येऊन पडली, तेव्हा मुंबईच्या मानसोपचारतज्ज्ञांनी निदान केले. 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा'! आम्ही शिकत असताना हा परदेशी मुलींचा आजार समजून पान उलटत असू. तिला भूक लागत होती. वजन वाढण्याची भीती त्याहून मोठी होती.

हे नाव लंडनच्या डॉ. विल्यम गल यांनी १८७४ मध्ये दिले. अशा रुग्णाची शुश्रूषा नातेवाइकांकडे नसावी, असे त्यांचे मत होते आणि ते फार काळ टिकले. १९८७ मध्ये लंडनच्याच मॉड्सली रुग्णालयातील अभ्यासात उलटे दिसले. लहान वयात आजार जडलेल्या आणि तीन वर्षांच्या आत उपचाराला आलेल्या मुलींना कुटुंबासह केलेल्या उपचाराचा अधिक गुण आला. आईवडिलांनी ताट वाढायचे, शेजारी बसायचे, संपेपर्यंत उठायचे नाही. टोमणा नाही, लाच नाही. दर आठवड्याला वजन. ते भरले की जेवणाचा ताबा हळूहळू मुलीकडे परत.

मला हे पटायला वेळ लागला. सोळा वर्षांच्या मुलीवर जेवताना पहारा? शिवाय विरारचे आईबाप सकाळची लोकल पकडतात, रात्री परततात. दुपारी बसणार कोण? पुढच्या अशा मुलीच्या वेळी हा प्रश्न आजीने सोडवला. मुंबईचे तज्ज्ञ मार्गदर्शन करीत, वजनकाटा माझ्याकडे. वरणभातावर तूप, शेंगदाण्याचा लाडू, मधल्या वेळी आपली वसईची सुकेळी. पहिले दोन आठवडे काटा हललाच नाही, आई माझ्यासमोर रडली. तिसऱ्या आठवड्यात चारशे ग्रॅम.

एक सावधगिरी मात्र हवी. फार खंगलेल्या शरीराला एकदम भरपूर खाऊ घातल्यास रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम घसरून हृदय धोक्यात येते. नाडी पन्नासच्या खाली असेल किंवा घेरी येत असेल, तर आधी रुग्णालय. जेवल्यावर गुपचूप उलटी काढणाऱ्या मुलीचे वजन ठीक असू शकते, म्हणून केवळ काट्यावर विसंबू नये. कोणाकडे जावे कळत नसल्यास सरकारच्या 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक फिरवावा.