आतड्याचा आजार, पायावरची जखम आणि ताट

नडगीवर एक लालसर फोड येतो. दोन-चार दिवसांत तो फुटतो, जखम पसरत जाते, कडा जांभळट आणि आतून पोखरलेल्या दिसतात. ठणका असा की चादर लागलेलीही सोसत नाही. जखमेत जंतू शिरले असतील म्हणून अँटिबायोटिक दिलं जातं. तरी भरत नाही म्हटल्यावर जखम कापून साफ केली जाते आणि ती आणखी फोफावते. कारण इथे जंतू मुख्य दोषी नसतात, शरीराच्या स्वतःच्याच पांढऱ्या पेशी चवताळलेल्या असतात.

हा ‘पायोडर्मा गँग्रीनोसम’. १९३० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, तेव्हा त्यांच्या पाचपैकी चार रुग्णांना अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह होता. आतड्याच्या दाहाचाच दुसरा आजार असलेल्या क्रोन्सच्या रुग्णांनाही पायोडर्मा होतो.

दाह शमवायचं काम स्टेरॉइड, सायक्लोस्पोरिन, इन्फ्लिक्सिमॅब अशा औषधांचं. कुठल्याही काढ्याने ते होत नाही. पण जखम भरायची तर नवी कातडी विणायला प्रथिनं, जस्त आणि क जीवनसत्त्व लागतं, आणि नेमकं तेच या रुग्णाकडे तुटपुंजं असतं. जुलाबातून जस्त जातं, सुजलेल्या आतड्यातून आणि पाझरणाऱ्या जखमेतून प्रथिनं जातात, स्टेरॉइड स्नायू झिजवतात. क्रोन्सने लहान आतड्याचं शेवटचं टोक धरलं असेल तर बी-१२ शोषलं जात नाही.

त्यात घरचं पथ्य! दूध बंद, डाळ बंद, अंडं उष्ण म्हणून बंद. उरतो मऊ भात आणि चहा-बिस्कीट. आजार भरात असताना वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच, वाटीभर घट्ट वरणातही जवळपास तितकीच. भात-चहावर हा हिशेब जुळेल कसा? दूध पचत असेल तर ते तोडायचं कारण नाही. नसेल पचत तर दही, पनीर बघावं. आतडं अरुंद झालं असेल तर सालं, बिया, कच्च्या कोशिंबिरी मात्र खरंच टाळाव्या लागतात.

क्रोन्सच्या मुलांमध्ये तर आहारच औषध ठरतो. सहा ते आठ आठवडे फक्त द्रवरूप पोषण दिलं की बहुतेकांचा दाह स्टेरॉइडशिवाय आटोक्यात येतो. कोलायटिसमध्ये मात्र याचा तसा उपयोग होत नाही.

रिपोर्टात अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कमी दिसलं म्हणून लगेच प्रथिनांच्या पावडरचा डबा आणू नये. दाहातही ते घसरतं. जस्ताच्या गोळ्याही मनाने महिनोन्‌महिने घेऊ नयेत, त्याने तांबं कमी पडतं. आणि पायावरची जखम भरत नसेल, शौचातून रक्त जात असेल, तर या दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरला, एकाच वेळी सांगा. जखमेला कात्री लागण्याआधी.