माहूर-किनवटच्या डोंगरात दुचाकीवर दोन दिवस: मुक्काम आधी ठरवा, मगच किक मारा

नांदेड/लातूर : पाऊस पडून डोंगर हिरवा झाला की गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय सुरू होतो. शनिवारी निघायचं, दोन-तीन गाड्या, चार-सहा दोस्त, एक तंबू, डोंगरात रात्र काढायची आणि रविवारी संध्याकाळी परत. त्यासाठी लोणावळा-महाबळेश्वर गाठायची गरज नाही. आपल्याच नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला निर्मळच्या डोंगररांगा, किनवटचं सागवानी जंगल, सहस्रकुंडचा धबधबा आणि माहूरगड आहे. लातूरकडं बालाघाटाचे डोंगर आहेत.

पण अशा सहलीत घात होतो तो बहुतेक वेळा एकाच कारणानं. रात्री कुठं थांबायचं हे ठरलेलं नसतं आणि अंधार पडतो. मग अनोळखी घाटात गाडी पळवली जाते, नदीकाठी तंबू ठोकला जातो किंवा नकळत अभयारण्यात मुक्काम पडतो. म्हणून निघण्याआधी काय ठरवायचं आणि का, ते समजून घ्या.

रस्ता कसा, अंतर किती

नांदेडहून भोकर, हिमायतनगर, इस्लापूर करत सहस्रकुंड सुमारे १०० किलोमीटर. तिथून किनवट आणि पुढं माहूर. परतताना माहूरहून धनोडा, महागाव, उमरखेड, हदगाव, अर्धापूर मार्गे नांदेड सुमारे १३० किलोमीटर. सगळा फेरा सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास जातो. दोन दिवसांत हा आरामात होतो.

लातूर, औसा, निलंग्याच्या पोरांचं गणित वेगळं आहे. लातूर ते नांदेड जाऊन-येऊनच पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर होतात. म्हणजे दोन दिवसांत सहाशे किलोमीटर. तेवढं १०० सीसीच्या गाडीवर, मागं माणूस आणि सामान घेऊन करायचं म्हणजे रविवारी रात्री थकून-भागून गाडी चालवणं आलंच. त्यांनी एक तर शुक्रवारी संध्याकाळीच नांदेड गाठावं, नाहीतर जवळचा बेत करावा. उदगीर तालुक्यात देवर्जनजवळचं हत्तीबेट, चाकूर तालुक्यातलं औषधी वनस्पतींसाठी ओळखलं जाणारं वडवळ नागनाथ बेट, औसा तालुक्यातली खरोसा लेणी आणि उदगीरचा किल्ला हे दोन दिवसांत निवांत बघून होतं. बेटावरची झाडपाला-मुळी मात्र उपटून आणू नका.

पेट्रोलचा हिशोब सोपा आहे. भरलेल्या गाडीला लिटरला ५० चं अॅव्हरेज धरलं तर सव्वातीनशे किलोमीटरला साडेसहा लिटर लागतं. घाटात अॅव्हरेज पडतं, म्हणून आठ लिटर धरा. किनवटला टाकी फुल्ल करूनच जंगलाच्या रस्त्याला लागा.

अंधाराच्या आत थांबायचं, ते का?

डिसेंबरात आपल्याकडं पावणेसहाला सूर्य मावळतो. डोंगराच्या आडोशाला त्याही आधी अंधारून येतं. गाडी ६० च्या वेगात असली तर एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढं जाते. ऊस हंगामात मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशी ट्रॅक्टरची ट्रॉली रस्त्यात उभी असते. ती दिसून ब्रेकवर पाय जाईस्तोवर एक-दीड सेकंद गेलेला असतो. म्हणजे गाडी हळू व्हायच्या आतच वीस-पंचवीस मीटर सरकलेली असते.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकाबरोबर चिखल डांबरावर येतो. त्यावर झिमझिम पाऊस पडला की रस्ता साबणासारखा होतो. अशा ठिकाणी पुढचा ब्रेक एकदम दाबला की गाडी गेलीच. वेग आधीच कमी करायचा, दोन्ही ब्रेक हळूहळू लावायचे आणि वळणावर गाडी जास्त झुकवायची नाही. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायच्या फंदात पडू नका. दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये इंजिनच गाडीला आवरतं, ब्रेक तापत नाहीत.

म्हणून बेत असा आखा की चार-साडेचारला मुक्कामाच्या जागी गाडी स्टँडवर लागलेली असेल. सकाळी सहाला निघालं तर सहस्रकुंड बघून, किनवटला जेवून चारपर्यंत माहूर गाठता येतं.

सहस्रकुंडला आभाळ कोरडं, तरी पाणी वाढतं

पैनगंगा सहस्रकुंडला काळ्याकुळकुळीत खडकावरून अनेक धारांनी खाली पडते. एका काठाला नांदेड जिल्हा, दुसऱ्या काठाला यवतमाळ. जुलै ते सप्टेंबर इथं पाण्याचा खरा जोर असतो आणि गर्दीही तेव्हाच होते.

ही नदी बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि लांबून वाहत इथवर येते. वरच्या अंगाला ईसापूर धरण आहे. त्यामुळं तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पाऊस झाला किंवा धरणाचे दरवाजे उघडले तर पाणी काही वेळात वाढतं. खडकावर शेवाळ असतं, पाय निसटला की सावरायला वेळ मिळत नाही. सेल्फीसाठी धारेच्या तोंडाशी जायचं नाही, कुंडात उतरायचं नाही आणि नदीच्या पात्रात किंवा वाळूवर तंबू लावायचा नाही. पाणी अचानक गढूळ झालं, काडीकचरा वाहत आला, आवाज वाढला की सामान राहू द्या, आधी माणसं वर घ्या.

पुराच्या दिवसांत पुलावरून पाणी जात असेल तर थांबा. 'गुडघाभरच आहे' म्हणून गाडी घालणाऱ्याला पाण्याखालचा खड्डा किंवा वाहून गेलेला कठडा दिसत नसतो. माहूरहून परतताना धनोड्याजवळ पैनगंगा ओलांडावी लागते. मोठा पाऊस झाला असेल तर निघण्याआधी रस्ता चालू आहे का, ते माहूरमध्येच विचारून घ्या.

तंबू कुठं लावता येतो, कुठं नाही

'जंगल सरकारचं, म्हणजे सगळ्यांचं' असा समज आहे. कायदा वेगळं सांगतो. पैनगंगा अभयारण्य यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांत पसरलेलं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २७ प्रमाणं अभयारण्यात परवान्याशिवाय बाहेरच्या माणसाला शिरता येत नाही. सार्वजनिक रस्त्यावरून नुसतं निघून जाणाऱ्याला अडचण नाही, पण गाडी उभी करून आत मुक्काम करायचा तर तो गुन्हा ठरू शकतो. कलम ३० प्रमाणं अभयारण्यात आग लावायला बंदी आहे. अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलातही भारतीय वन कायदा १९२७ च्या कलम २६ नुसार विस्तव पेटवणं गुन्हा आहे. सागाचा वाळलेला पाला उन्हाळ्यात एका ठिणगीनं पेटतो आणि वणवा गावाच्या शिवारापर्यंत येतो, म्हणून हा नियम.

दुसरं कारण जनावरांचं. या पट्ट्यात बिबट्या आहे, अस्वल आहे. अस्वल माणसाला खायला येत नाही, पण अंधारात समोरासमोर गाठ पडली की अंगावर येतं.

मग राहायचं कुठं? तीन जागा चालतात.

पहिली, माहूरला भक्तनिवास, लॉज किंवा ओळखीच्या माणसाचं अंगण. नवरात्र, दत्तजयंती आणि नारळी पौर्णिमेच्या परिक्रमेला मात्र माहूरला मुंगी शिरायला जागा नसते. तेव्हा देवदर्शनाला जा, तंबूचा बेत दुसऱ्या आठवड्यावर ढकला.

दुसरी, शेतकऱ्याचं शेत. पण मालकाला विचारून आणि दिवसाउजेडी विचारून. "मामा, आज रात्री तुमच्या बांधाला मुक्काम केला तर चालंल का?" एवढं म्हटलं तर बहुतेक माणसं नाही म्हणत नाहीत, उलट पाणी कुठं, साप कुठं निघतो, रानडुकरासाठी तारेत करंट सोडलाय का, हेही सांगतात. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. अंधारात दुसऱ्याच्या शेतात शिरून अशा तारेला हात लागला तर जीव जातो.

तिसरी, नोंदणी केलेलं कृषी पर्यटन केंद्र.

जागा निवडताना काळी माती टाळा. रात्री सर आली की तंबूच्या खुंट्या उपटतात आणि सकाळी गाडीची चाकं रुततात. उंचवट्याची मुरमाड जागा बघा. एकट्या मोठ्या झाडाखाली तंबू नको, वीज अशाच झाडावर पडते. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात विजांचा धोका जास्त असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अॅप मोबाइलमध्ये घ्या. गडगडाट सुरू झाला तर तंबूत बसून राहू नका, पक्क्या घरात जा.

जमिनीवर झोपताना मण्यारीचं भान

नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार हे आपल्याकडचे चार विषारी साप. यातली मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणापर्यंत येते. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. माणूस झोपूनच राहतो. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते. अशी लक्षणं दिसली की 'रात्रीचं जेवण बाधलं' म्हणून वेळ घालवू नका, दवाखाना गाठा.

साप चावलाच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून दोरी बांधायची नाही. अंगठी-कडं काढा, हात किंवा पाय लाकडाच्या पट्टीला सैल बांधून हलू देऊ नका. माणसाला चालवत नेऊ नका. सरकारी रुग्णालयात प्रतिविष मिळतं, तिथंच न्या. मांत्रिकाकडं गेलेला अर्धा तास परत येत नाही.

हे टाळायचं तर तळ शिवलेला, चेन पूर्ण लागणारा तंबू घ्या. सकाळी बूट झटकून घाला. खाण्याचं सामान तंबूत ठेवू नका, त्यानं उंदीर येतात आणि उंदरामागं साप. थंडी आहे म्हणून बंद तंबूत शेगडी किंवा निखारे ठेवू नका. त्या धुरातला विषारी वायू झोपेतच गुदमरवतो.

कागदपत्रं: मित्राची गाडी नेताय?

मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये स्पष्ट आहे. ट्रिपल सीट तर घाटात नकोच. विम्याचं मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघाती संरक्षण असतं, पण ते गाडीचा मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडं लायसन्स असेल तेव्हाच. मित्राची किंवा मामाची गाडी मागून नेली तर हे पैसे चालवणाऱ्याच्या घरच्यांना मिळत नाहीत. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीची भरपाईही मिळत नाही. निघण्याआधी विम्याची तारीख आणि प्रकार बघून घ्या.

माणशी पैसे घेऊन 'बाइक कॅम्पिंग'ला नेणाऱ्यांच्या जाहिराती मोबाइलवर येतात. साहसी पर्यटनासाठी राज्याचं २०२१ चं धोरण आहे आणि आयोजकाला त्यात नोंदणी करावी लागते. पैसे भरण्याआधी नोंदणी विचारा.

डोंगराकडच्या गावकऱ्यांसाठी

पाहुणे येतात तर त्यातून दोन पैसे गावालाही मिळावेत. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करून शेतकऱ्याला मुक्काम, जेवण, शिवारफेरी असा व्यवसाय करता येतो. पिठलं-भाकरी, पाणी आणि अंगणात गाडी लावायला जागा, पाहुण्यांना एवढंच लागतं.

रस्त्यात कुणाचा अपघात झालेला दिसला तर मदत करायला घाबरू नका. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलंय. जखमीला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि इच्छा नसेल तर त्याला नावही सांगावं लागत नाही.

निघण्याआधी घरी हा मेसेज टाका

कोण-कोण चाललंय, गाडी नंबर, रात्री कुणाच्या शेतात किंवा कुठल्या लॉजवर मुक्काम, रविवारी किती वाजेपर्यंत परत. किनवट-माहूरच्या जंगलात मधेमधे रेंज जाते, म्हणून गावात असतानाच मेसेज टाका आणि संध्याकाळी पोचल्यावर एक फोन करा. ठरलेल्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर घरच्यांनी कुणाला विचारायचं, तेही लिहा.

नंबर जवळ ठेवा: कुठल्याही संकटात ११२, रुग्णवाहिका १०८, वन विभाग १९२६.