पणजीची निळी भिंत

बेळगाव-निपाणीकडून चोर्ला घाट उतरून गोव्यात जाणारी आपली मंडळी बहुधा थेट समुद्र गाठतात. संपादकांच्या सांगण्यावरून मी मात्र पणजीत आझाद मैदानाजवळच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत शिरलो आणि दर्शनी दालनातल्या निळ्या फरश्यांसमोर थबकलो.

संस्था १८७१ची, तेव्हाचं तिचं नाव वास्को द गामाचं. १९३५ साली इथे जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराची फरशीचित्रं बसली. विषय पोर्तुगीज कवी कामोंइशच्या १५७२च्या महाकाव्याचा, म्हणजे गामाच्या सागरसफरीचा. याच कोलासोनं पोर्तुच्या साँव बेंतु रेल्वे स्थानकात सुमारे २०,००० फरश्यांवर मध्ययुगीन राजांच्या स्वाऱ्या आणि लढाया उभ्या केल्या आहेत. फरश्यांवरच्या अशा भव्य चित्राचं दुसरं उदाहरण जर्मनीत ड्रेस्डेनला आहे: तिथे सॅक्सनीच्या राजघराण्याची १०२ मीटर लांब मिरवणूक पोर्सेलिनच्या फरश्यांवर आहे.

मला खिळवून ठेवलं ते निळ्या रंगानं. हा रंग कोबाल्टचा. कच्चा असताना तो काळपट दिसतो. निळा होतो तो भट्टीत. म्हणजे आभाळ कुठे फिकं आणि लाट कुठे गडद, हे चित्रकारानं आधीच मनात पाहिलेलं असावं लागतं. शिवाय चित्र अनेक फरश्यांवर विभागलेलं. त्या नीट जुळल्या, तरच चेहरा चेहरा राहतो.

ज्या लुईश द मिनेझिस ब्रागांझांनी १९३० साली पोर्तुगालच्या वसाहत कायद्याविरुद्ध ठराव मांडून गोवेकरांचा स्वयंनिर्णयाचा हक्क सांगितला, त्यांचंच नाव १९६३ साली या संस्थेला मिळालं. सत्तेची गाथा भिंतीवर राहिली, दारावर तिच्या विरोधकाचं नाव आलं. गोव्यानं चित्रं फोडली नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

काळजी वेगळीच आहे. पोर्सेलिन पाणी जवळजवळ पीत नाही. ड्रेस्डेनची भिंत १९४५च्या बॉम्बवर्षावातूनही बरीचशी वाचली. पणजीच्या फरश्यांचं अंग मातीचं, सच्छिद्र. चकाकी फक्त वरच्या थराला. खानापूरच्या कुंभाराला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. भिंतीतली ओल क्षार घेऊन फरशीत चढते, ओल सुकली की क्षारांचे खडे होतात आणि आतून रेटा देऊन चकाकीचा पापुद्रा उडवतात. त्याबरोबर चित्रही जातं. मांडवीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत आणि गोव्याच्या पावसात हा धोका दरवर्षीचा. मागे सिमेंट थापून तो टळत नाही, उलट ओल कोंडते. छप्पर आणि पन्हळी नीट राखून भिंत कोरडी ठेवणं, हाच खरा उपाय.

पुढच्या गोवावारीत अर्धा तास इथे द्या. चित्रं पाहा, दारावरचं नाव वाचा आणि फरश्यांना हात लावू नका.